शून्याच्या खाली

येरळेच्या काठी, रामापूरच्या खालच्या अंगाला,
सकाळी आठ.
आकाराम कुंभार पट्टीपाशी जाऊन उभे राहत,
पायाशी वाळू, वेड्या बाभळी, एखादी टिटवी,
आणि वहीत लिहीत: शून्य.
दुसऱ्या दिवशी: शून्य.
सबंध बहात्तर साल शून्य.
पोरीच्या हळदीलाही शून्य,
फक्त त्या दिवशीचं जरा घाईचं,
वरून उघडं राहिलेलं.

एकतीस वर्षांच्या या वह्या
मी विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत
संगणकात भरत होते.
मॉडेलला शून्य चालतं,
रिकामा रकाना चालत नाही.
शून्य म्हणजे पाणी नव्हतं.
रिकामं म्हणजे माणूस नव्हता.
एकतीस वर्षांत रिकामे रकाने चार.
तीन त्यांच्या आईच्या सुतकातले.
एक कशाचा, कुणास ठाऊक.

मॉडेल म्हणजे खोऱ्याचे तुकडे:
खटावचा माळ, औंधचा डोंगर, कडेगाव, वांगी.
कुठली माती किती पिते, किती सोडते.
वरून आकड्यांचा पाऊस ओतायचा
आणि खाली ब्रह्मनाळला, कृष्णेच्या तोंडाशी,
काय पोचतं ते बघायचं.
जुन्या वर्षांशी जुळलं
तर मग दोन हजार सत्तरचा पाऊस ओतायचा,
जो अजून कुठल्याच ढगात नाही.

जुळत नव्हतं.
त्र्याण्णवनंतरचे उन्हाळे तर अजिबात.
मॉडेल म्हणे, जमिनीखालून पाझरतंय थोडं.
वही म्हणे, शून्य.
मी मातीची जाडी वाढवली. कमी केली.
सर फोनवर म्हणाले,
घरी बसून भरलं असेल गं त्यानं.

मग समासातला शेरा दिसला, मार्चातला:
"वाळूचे ट्रक येऊन गेले. पट्टीचा पाय उघडा पडला.
शून्य आता हवेत आहे.
पाणी शून्याच्या खाली दीड हात. कळावे."
पुढे पंधरा दिवस
उणे सत्तर, उणे बहात्तर, उणे ऐंशी,
आणि त्यावर आडवी लाल शाई:
"पातळी उणे असू शकत नाही. शून्य लिहावे."
दुसऱ्या दिवसापासून शून्य.
गोल, नेटकं, सरकारी.

गेले त्यांच्याकडे.
चौऱ्याऐंशी वय, चाकावर आता नातसून.
विचारलं, किती पाणी असायचं त्या डबऱ्यात?
"पाच म्हशी बसतील एवढं."
मग शून्य का लिहिलंत?
"सायबाचा हुकूम.
पर जात हुतो की रोज. बघून लिवायचो शून्य."

पाच म्हशींचे घनमीटर केले.
पट्टीचा पाय खाली ओढला, कागदावर.
उन्हाळ्याची रेघ थोडी वर आली.
थोडीच.

नंतर सत्तरचा पाऊस ओतला.
एकवीस मॉडेलं, एकवीस येरळा.
एकीत श्रावणातल्या एका रात्री
पट्टीच्या टोकावरून दोन पुरुष पाणी,
आणि त्याच वर्षीच्या वैशाखात
म्हशीला शिंपायलाही नाही.
एकीत काहीच होत नाही.
अहवालात मी "अनिश्चितता" हा शब्द अकरा वेळा लिहिला,
सरांनी सात ठेवले.

तिथं आता सेन्सर आहे,
वर सौर पाटी, खाली कुंपण.
दर पंधरा मिनिटांनी आकडा येतो.
परवा रात्रभर येत राहिलं:
उणे नऊशे नव्व्याण्णव, उणे नऊशे नव्व्याण्णव.
उणे आता चालतं.
त्याचा अर्थ, कुणी नव्हतं.

सकाळी विट्याची गाडी धरली,
पुढं वडापनं.
आठला पोचायचं होतं.
पोचले तेव्हा सव्वानऊ,
टिटवी ओरडत उठली.
वहीत वेळ खरी लिहिली.